१९२० सालचे पान

वार्षिक संदर्भग्रंथाच्या कामात मी मुद्रितशोधक आहे आणि आमची कचेरी गिरगावात आहे. गेल्या पावसाळ्यात १९२० सालच्या भारतातील जन्म-मृत्यूंचे पान माझ्या टेबलावर आले, तो दिवस मी विसरलेले नाही.

पानावर नेहमीप्रमाणे दोन रकाने होते, डावीकडे जन्म आणि उजवीकडे मृत्यू. सहकाऱ्याने विचारले, "ताई, टिळकांच्या मजकुरात ३१ जुलैची रात्र आहे आणि यादीत १ ऑगस्ट. काय ठेवू?" लोकमान्यांचे निधन क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटून गेल्यावर झाले, म्हणून तारीख १ ऑगस्टच. त्यांना चौसष्ट वर्षे पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. भर पावसात लाखोंच्या गर्दीतून निघालेली त्यांची अंत्ययात्रा ज्या चौपाटीवर संपली, ती आमच्या कचेरीपासून दहा मिनिटांवर आहे.

ही दुरुस्ती करताना मी डाव्या रकान्यात १ ऑगस्ट शोधला, तर तो तिथे नव्हताच. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी त्याच दिवशी जन्मलेले अण्णा भाऊ साठे कोणीतरी जागेअभावी गाळले होते. वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आलेला, शाळेचे शिक्षण जवळजवळ न मिळालेला, गिरणीत राबलेला आणि पुढे पोवाडे, वग आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस मुंबईतच छापल्या जाणाऱ्या पानावर नसावा, याचे मला मनापासून वाईट वाटले. १९२० च्या ऑगस्टमध्ये सारा देश सरदारगृहाकडे पाहत होता आणि वाटेगावच्या मातंग वस्तीतल्या बाळाची खबर गावाबाहेर जाण्याचे कारणच नव्हते. मृत्यूची नोंद त्या दिवशीचे जग करते. जन्माची नोंद मात्र पुढच्या पिढ्यांनी मागे वळून करायची असते, आणि ती आम्ही चुकवत होतो.

मी संपादकांकडे गेले आणि दोन रकाने मोडून सगळ्या नोंदी एकाच तारीखवार क्रमाने लावाव्यात, असे सुचवले. त्यांनी आधी नकार दिला, कारण मांडणी बदलायची तर पुढची सगळी पाने बदलणार होती. तेव्हा मी त्यांना एप्रिल दाखवला: ७ तारखेला वाराणसीत रविशंकरांचा जन्म आणि २६ तारखेला मद्रासमध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, श्रीनिवास रामानुजन यांचा मृत्यू. मरणाच्या तीन-साडेतीन महिने आधी, जानेवारीत, रामानुजन यांनी इंग्रज गणितज्ञ हार्डी यांना 'मॉक थीटा' या गणिती फलांविषयी पत्र लिहिले होते. संपादक बराच वेळ ते पान पाहत राहिले आणि मग म्हणाले, "लावा तसेच."

जानेवारीच्या ३१ तारखेला डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' याच शहरात सुरू झाले. पण नियतकालिकाचा जन्म या यादीत बसत नाही, म्हणून ते राहिले.

संध्याकाळपर्यंत अण्णा भाऊंची नोंद तयार झाली. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी तेव्हा ते साताऱ्यात होते, हेही मी कंसात घातले. शेवटी उरले के. आर. नारायणन. त्यांची २७ ऑक्टोबर ही तारीख शाळेत नाव घालताना काकांनी अंदाजाने सांगितली होती आणि पुढे राष्ट्रपती झाल्यावरही त्यांनी तीच राहू दिली. त्या ओळीत आम्ही 'शाळेच्या नोंदीनुसार' असे दोन शब्द वाढवले आणि पान छपाईला सोडले.