त्या खिडक्यांमागे कोण होतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकेतल्या बंद पडलेल्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळांचे फोटो कुणीतरी मोबाइलवर पाठवतं, खाली 'झपाटलेली वास्तू' असं लिहिलेलं असतं, आणि मी चिडते. "नुसते फोटो तर आहेत, तुम्हाला एवढं का लागतं?" असं पुतण्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय.

फोटो मीही बघते, बराच वेळ बघते. भिंतींवरचे रंगाचे पोपडे, संपता न संपणारे बोळ, टोकाला एकटीच उरलेली चाकाची खुर्ची. पण माझी नजर खिडक्यांवर अडते. किती उंच आणि किती! फिलाडेल्फियाच्या डॉ. थॉमस कर्कब्राइड यांनी अशी इस्पितळं कशी बांधावीत यावर १८५४ साली पुस्तकच लिहिलं. मधे मुख्य इमारत, दोन्ही अंगांना थोडे थोडे मागे सरकत गेलेले वॉर्ड, म्हणजे प्रत्येकाला ऊन आणि वारा मिळावा. भोवती बागा, शेती. आणि एका इस्पितळात माणसं अडीचशेच्या वर नकोत, हा त्यांचा आग्रह. तोवर अशी कितीतरी माणसं तुरुंगात, तळघरात, साखळीला बांधलेली असत. त्यांना उजेड द्यावा असं कुणाला तरी वाटलं, ते मला फार मोठं वाटतं.

मग गर्दी झाली. वेस्ट व्हर्जिनियातल्या वेस्टनचं इस्पितळ १८६४ साली सुरू झालं, अडीचशे माणसांसाठी. १९५० नंतरच्या दशकात तिथे चोवीसशे होती. फिट येणारी, म्हातारी झालेली, घरात नकोशी झालेली माणसं येत राहिली, आणि कितीतरी जणांना न्यायला कुणी आलंच नाही. १९९४ ला ते बंद झालं. आता तिथे तिकीट काढून रात्री भुतं शोधायला जातात.

आपल्या सोलापूरचंच बघा. १८७७ ची जुनी मिल बंद पडली, पुढे बाकीच्या गिरण्याही गेल्या. पडक्या भिंती आम्ही लहानपणापासून बघत आलो, पण घरात त्यांना कुणी भुताटकी म्हटल्याचं मला आठवत नाही. कारण माझे आजोबा तिथे साचे चालवायचे. भोंगा झाला की आजी भाकरी थापायला बसायची. आत कोण होतं ते आम्हाला ठाऊक होतं. त्या इस्पितळांत कोण होतं ते कुणी विचारलं नाही, म्हणून तिथे भुतं राहायला आली, असं मला वाटतं.

न्यूयॉर्क राज्यातलं विलार्ड १८६९ पासून १९९५ पर्यंत चाललं. बंद होताना माळ्यावर चारशेच्या वर सुटकेस सापडल्या, तिथे राहून गेलेल्या माणसांच्या. येताना आणलेलं सामान, पुन्हा हाती न आलेलं. त्यांचे फोटो मी पाहिले त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्याही माळ्यावर एक ट्रंक होती. मी तिसरीत होते तेव्हा धाकट्या आत्याला एका लांबच्या सरकारी इस्पितळात नेलं. ती रात्र रात्र जागायची, बाहेर पळायची, एवढंच मला आठवतं. पुढे तिचं नाव निघालं की मोठी माणसं विषय बदलायची. भांडणात कुणी सहज "येरवड्याला पाठवा हिला" म्हटलं की आजी उठून आत जायची. आत्या परत आली नाही. पाच वर्षांनी एक पत्र आलं, ते वडिलांनी वाचलं आणि अंघोळ केली.

आजी गेल्यावर मी ट्रंक उघडली. दोन लुगडी, फणेरपेटी, कागदात बांधलेल्या हिरव्या बांगड्या, आणि गड्ड्याच्या जत्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला फोटो. त्यात ती हसतेय, चांगली वीस-बावीस वर्षांची, माझ्यासारखीच पुढचे दात जरा मोठे.

तेव्हापासून असा कुठलाही फोटो आला की मी आधी खिडक्या मोजते, आणि तिच्या वाटणीला एखादी आली होती का, असं मनात येतं. ट्रंक तिच्याबरोबर का दिली नाही, हे विचारायला आता घरात कुणी उरलेलं नाही.