पेशाच्या रकान्यात ‘गृहिणी’

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या बाजूला असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला आमच्याकडे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते आणि त्या दिवशी आसपासच्या गावांतील गरोदर स्त्रिया सकाळपासून व्हरांड्यात बसलेल्या असतात. पोळा नुकताच झाला होता. त्या दिवशी पाचवा महिना लागलेली एक कुंभारवाड्यातील सून तिसऱ्यांदा तपासणीला आली. तिचे हिमोग्लोबिन ८.४ होते आणि आधीच्या दोन्ही वेळच्या नोंदींपेक्षा ते कमीच झाले होते.

लोहाच्या गोळ्या ती रोज दोन घेत होती. “मी समोर उभी राहून देतो,” असे तिच्या सासूने ठासून सांगितले आणि रिकामी पाकिटे पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली. आमच्या भागात अशा वेळी पहिला संशय सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा येतो, परंतु ती तपासणी आधीच झालेली होती आणि दोष नव्हता. जंतांची गोळीही देऊन झाली होती. पोटात मधूनमधून कळा येतात, शौचाला साफ होत नाही आणि तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव राहते, एवढे तिने सांगितले. यांतील पहिल्या दोन तक्रारी गरोदरपणात इतक्या नेहमीच्या असतात की एरवी मी त्या लिहून घेऊन पुढच्या बाईकडे वळले असते.

तिसऱ्या तक्रारीने मला थांबवले. नोंदणीपत्रावर पेशाच्या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिलेले होते आणि ते अक्षर माझ्याच परिचारिकेचे होते. दिवसभर काय करतेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मी तं घरीच राहतो मॅडम.” मग मी तिचे हात पाहिले. नखांच्या कडांत मातीची नेहमीची करडी रेघ असेल असे वाटले होते, परंतु ती रेघ नारिंगी होती, मारुतीला शेंदूर लावून आलेल्या माणसाच्या बोटांवर असते तशी.

दुपारी तपासणी संपल्यावर मी आणि आशाताई तिच्या घरी गेलो. अंगणात आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, रचायची जागा होती, एका बाजूला चाक, ओळीने वाळत घातलेल्या पणत्या आणि त्यांच्यावर ताडपत्री. दिवाळीसाठी चार हजार चकाकीच्या, म्हणजे काचेसारखा लेप चढवलेल्या, पणत्यांचे काम एका व्यापाऱ्याकडून आले होते व आगाऊ पैसेही घेतलेले होते. चकाकीसाठी लागणारी पावडर त्यानेच दिली होती. घरात तिला ‘शेंदऱ्या’ म्हणत. “आवा उतरला का चकचकीत होते थे,” असे तिच्या नवऱ्याने कौतुकाने सांगितले. जेमतेम तांब्याएवढा तो डबा मी एका हाताने उचलायला गेले आणि तो हातातून निसटता निसटता राहिला, इतका तो जड होता. या पावडरीचा कण पाण्याच्या आठपट जड असतो. तो शेंदूरच होता, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. लाकडावर पेटवलेल्या साध्या आव्याची आच स्टोनवेअरच्या, म्हणजे खूप आचेत भाजायच्या पक्क्या भांड्यांच्या, भट्टीइतकी चढत नाही. वाळूला कमी आचेत वितळवून काच करायची तर शिसे त्या कामाला सोपे पडते, म्हणून स्वस्त चकाकीत ते जाते. डब्यावर नाव नव्हते, इशारा नव्हता. व्यापाऱ्याने त्यांना काहीही सांगितलेले नव्हते, आणि हा राग माझ्या मनातून अजूनही गेलेला नाही.

पावडर पाण्यात खलायचे आणि त्यात पणत्या बुडवायचे काम सुनेकडे होते, कारण ते बसून करायचे हलके काम, असे घरच्यांना वाटत होते. पोटुशी सुनेला चाकावर बसू द्यायचे नाही, माती तुडवू द्यायची नाही, ही त्यांची मायाच होती आणि त्या मायेपोटीच घरातले सर्वांत घातक काम तिच्या वाट्याला आले होते. ओल्या मातीने हात माखले म्हणून पोटातल्या बाळाला काही होत नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले. भीती मातीची नसून रंगाच्या आणि चकाकीच्या पुडीची, कोरड्या धुळीची आणि भट्टीच्या धुराची बाळगायची असते. वाळलेल्या मातीची बारीक धूळ फुप्फुसात साठते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तापेक्षा बाळाच्या रक्ताला अधिक घट्ट धरतो, म्हणून झाडू आणि आवा या दोन्ही गोष्टींपासून तिला लांब ठेवायला हवे होते.

खलायचा पाटा वेगळा ठेवला आहे, असे सासूने सांगितले आणि ते खरेही होते. तो पाटा न्हाणीजवळ होता आणि स्वयंपाकाचा पाटा चुलीजवळ. वरवंटा मात्र एकच होता. मी तो उन्हात नेऊन फिरवून पाहिला, तेव्हा टाकी लावलेल्या प्रत्येक खड्ड्यात हळदीच्या पिवळ्या थराखाली शेंदरी ठिपका बसलेला दिसला. रोजची चटणी त्याच वरवंट्याने वाटली जात होती. तेवढ्यात आशाताईंनी फळीवरची लोणच्याची बरणी खाली काढली. नवऱ्याने हौसेने घरासाठी केलेली, आतूनबाहेरून चकाकी दिलेली. शिशाची चकाकी नीट भाजली गेली नसेल तर आंबट पदार्थ तिच्यातून शिसे ओढून घेतो, आणि सुनेला डोहाळे आंबटाचे होते. ती दुपारी नुसती वाटी भरून लोणचे खात असे.

तिच्या रक्ताचा नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागला, कारण रक्तातील शिसे मोजण्याची सोय आमच्याकडे नाही. एका डेसिलिटरला ३१ मायक्रोग्रॅम असा अहवाल आला. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ५ मायक्रोग्रॅमपासूनच उगम शोधायला बजावते. शिसे रक्त तयार होण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणते, म्हणून गोळ्या खाऊनही तिचे रक्त वाढत नव्हते. शिवाय लोह आणि कॅल्शियम कमी असलेले शरीर शिसे जास्त शोषून घेते. ते हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसते, गरोदरपणात बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघू लागले की त्याच्याबरोबर तेही बाहेर पडते आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन, आणि पुढे मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम, एवढे सगळे त्यातून होऊ शकते. शिसे बाहेर काढणारी औषधे पातळी ४५ च्या पुढे गेल्यावर विचारात घेतात. तिच्यासाठी खरा उपचार एकच होता, तो म्हणजे उगम तोडणे. जोडीला लोह आणि कॅल्शियम, वेगवेगळ्या वेळी.

उगम तोडणे हे चिठ्ठीवर एका ओळीत लिहिता येते, पण त्या घरात त्याला तीन आठवडे लागले. सुनेऐवजी नवरा ते काम करील, असे आधी ठरले. मी नको म्हटले, कारण त्याच्या कपड्यांवरून तीच धूळ घरात येणार होती, शिवाय पुरुषाच्या शरीरालाही शिसे सोडत नाही, आणि घरात तीन वर्षांची एक मुलगीही होती. तोंडाला फडके बांधतो, असे तो म्हणाला. इतकी बारीक पूड फडक्याने अडत नाही. शेवटी त्यानेच मार्ग काढला. पणत्यांना चकाकी न देता काव लावून, गारगोटीने घोटून भाजायच्या, असे त्याने व्यापाऱ्याला कळवले. त्याच्या आजोबांची हीच पद्धत होती. व्यापाऱ्याने भाव पाडला, पण माल घेतला. पावडरचा डबा घट्ट बंद करून त्याला परत दिला. अंगणातली जमीन आधी भिजवून तिचा वरचा थर खरवडून काढला, पोत्यात बांधून विहिरीपासून दूर ठेवला आणि मग जमीन नव्याने सारवली. फळ्या आणि भिंती ओल्या फडक्याने दोनदा पुसल्या. हे सर्व चालू असताना सून माहेरी होती.

मुलीची तपासणी केली, तिची पातळी १८ आली. तोवर सासू वरवंटा टाकायला तयार नव्हती. तो तिच्या मायने लग्नात दिलेला होता. घासला, उकळला तर चालेल का, असे तिने मला दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटले होते. अहवाल ऐकल्यावर ती काही बोलली नाही. पुढच्या भेटीत तो वरवंटा मला अंगणाबाहेर, कुंपणाच्या पायात दगडांबरोबर बसवलेला दिसला. घरात एक लहान, नवा, अजून टाकी न लावलेला वरवंटा आला होता.

जानेवारीच्या अखेरीस मुलगा झाला, २.४ किलो. नाळेच्या रक्तात ९ मायक्रोग्रॅम शिसे होते आणि आईचे तोवर १६ वर आले होते. या पातळीला अंगावर पाजायला हरकत नसते, हे सांगताच ती रडली. तो प्रश्न तिने चार महिने मनात ठेवला होता आणि विचारला नव्हता. नोंदणीपत्रावरचा ‘गृहिणी’ हा शब्द मी स्वतः खोडून तिथे ‘मातीकाम, चकाकी’ असे लिहिले. बाळाच्या रक्ताची पुढची तपासणी ९ एप्रिलला आहे आणि त्याच दिवशी मुलीचीही.