आत्याचा फ्लॅट, आत्याची जमीन

आत्या गेली तेव्हा तिच्यामागे नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं आणि मृत्युपत्रही नव्हतं. होतं ते असं: कोथरूडचा वन बीएचके, वाई तालुक्यातली थोडी जमीन, बँकेतल्या ठेवी, पतसंस्थेतली एक पावती आणि एक लॉकर. काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, माघारी ती एकटीच राहायची. शेवटच्या आजारपणात मात्र ती आमच्याकडेच होती, त्यामुळे पुढचं सगळं आपल्याकडेच येणार असं आमच्या घरात जो तो धरून चालला होता.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारले. नवऱ्याकडचं कोण हयात आहे? आणि कुठली मिळकत तिला कुठून आली?

सगळी मेख या दुसऱ्या प्रश्नात होती. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 15 असं सांगतं: मृत्युपत्र न करता बाई गेली आणि नवरा किंवा मुलं-नातवंडं कुणीच नसलं, तर मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. मग ती मिळकत तिने स्वतः राबून का मिळवलेली असेना! आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत येते.

आत्याने तो फ्लॅट शाळेतल्या नोकरीच्या पगारातून आणि पीएफमधून घेतला होता. काका तेव्हा हयातही नव्हते. तरीही तो काकांच्या वारसांचा. बाबांना हे पटेचना. वकीलबाईंनी त्यांना 2009 चा सर्वोच्च न्यायालयाचा नारायणीदेवींचा निकाल सांगितला. लग्नानंतर तीनच महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवून पायावर उभं केलं. त्या नोकरी करून पैसे साठवून गेल्या आणि ते पैसे मिळाले सासरच्यांना. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कलम तेच राहिलं. ऐकून बाबा गप्प झाले. मला मात्र अजूनही त्या कलमाची चीड येते.

काकांच्या भावंडांपैकी हयात होत्या फक्त त्यांच्या थोरल्या बहीण. आत्या त्यांना ‘वन्सं’ म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच त्यांना वन्सं म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम नाशिक. आत्याचे दीर आधीच गेले होते, त्यांची दोन मुलं पुण्यातच आहेत. बातमी कळल्यावर ती दोघं आली आणि ‘अर्धं आमचं’ म्हणाली. पण त्या कायद्याच्या परिशिष्टात वारसांचे वर्ग पाडलेले आहेत, त्यातल्या दुसऱ्या वर्गात भाऊ-बहीण एका नोंदीत येतात आणि पुतणे-भाचे खालच्या नोंदीत. वरच्या नोंदीतलं कुणी हयात असेल तर खालच्यांना काहीच मिळत नाही. अर्धं तर सोडाच, एक विटेचा तुकडाही त्यांचा नव्हता. ‘आमचे वडील असते तर?’ असं त्यातल्या धाकट्याने विचारलं. असते, तर निम्मं त्यांचं झालं असतं. वकीलबाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की भांडण तिथेच मिटलं.

गंमत म्हणजे जमिनीचं नेमकं उलट. ती आजोबांच्या पश्चात आत्याच्या नावे लागलेली, म्हणून ती आजोबांच्या वारसांची. त्यात माझे बाबा, धाकटी आत्या आणि बाबांचे दिवंगत भाऊ, म्हणजे त्यांच्या जागी काकू आणि त्यांची मुलं. मयत मुलाची बायको-मुलं पहिल्या वर्गात बसतात. म्हणजे मरण एकाच बाईचं, पण एका मिळकतीत मेलेल्या भावाच्या मुलांना हिस्सा आणि दुसरीत त्यांच्या हाती भोपळा.

ठेवींवर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. मृत्यूचा दाखला, माझं आधार-पॅन आणि बँकेचा फॉर्म एवढ्यावर पैसे माझ्या खात्यात आले. घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. पण नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात, मालकी वारसाची. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये हेच सांगितलं होतं. डिसेंबर 2023 मध्ये, कालनिर्णयकार जयंतराव साळगांवकर यांच्या मिळकतीवरून चाललेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही तेच सांगितलं. म्हणजे माझ्या खात्यातले ते पैसे वन्संचे होते. मी हॉस्पिटलच्या आणि दिवसकार्याच्या पावत्यांसह हिशोब नाशिकला पाठवला. वन्संचा फोन आला, ‘‘तुझा खर्च वळता करून घे आणि उरलेलं पाठव. घाई नाही.’’ तसंच केलं.

फ्लॅटला नॉमिनेशन नव्हतं. सोसायटीने कोर्टाचा वारस दाखला मागितला. तहसील कार्यालयातून मिळतो त्या दाखल्यावर भागेल असं आम्हाला बऱ्याच जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. तो इथे चालत नाही. हा दाखला दिवाणी न्यायालयाचा आणि तो मिळतो कशाखाली, तर 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली. कंपनी सरकार गेलं, राणीचं राज्य गेलं, पण हा नियम टिकून आहे. अर्जदार वन्संच, कारण हक्क त्यांचा. पण कागद सगळे आमच्या कपाटात, त्यामुळे धावपळ माझी. वंशावळ, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, मग वन्संची साक्ष. त्यांच्याबरोबर मुलगा आला होता. साक्षीच्या पिंजऱ्यात खुर्ची दिली, तरी त्या उभ्याच राहिल्या. पतसंस्थेच्या पावतीवर नॉमिनी म्हणून कुणाचंच नाव नव्हतं. तिच्यासाठी 1925 च्या भारतीय वारसा कायद्याखालचा, उत्तराधिकार प्रमाणपत्राचा वेगळा अर्ज आणि वेगळी कोर्ट फी.

सोसायटीला इंडेम्निटी बाँडही, म्हणजे उद्या कुणी दावा केला तर भरपाईची लेखी हमी, हवा होता. ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा स्टॅम्प बंद, त्यामुळे पाचशेचा. फ्लॅट सासरच्या नावाने, सातबारा माहेरच्या नावाने आणि पासबुकावर नुसती आद्याक्षरं, तेव्हा ‘ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र आलंच. कुणाच्या घरी अशी नावांची भेळ असेल तर ती माणूस जिवंत असतानाच निस्तरा. नंतर प्रत्येक टेबलावर तेच पुराण लावावं लागतं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मात्र पहिल्याच वेळी भरपूर काढून ठेवाव्यात.

लॉकर उघडला तेव्हा आम्ही, वन्सं, दोन साक्षीदार आणि बँकेचा अधिकारी असे सगळे त्या कोंदट खोलीत होतो. लाल मखमली पिशवीतून एक तुशी निघाली, मग मोहनमाळ, कुड्या आणि तळाशी आजीच्या पाटल्या. अधिकारी एकेक वस्तू यादीत उतरवत होता. पाटल्या आत्याला लग्नात आजीनेच घातलेल्या. पण भेट मिळालेली वस्तू ‘वारशाने आलेली’ धरत नाहीत, म्हणून कायद्याने त्याही वन्संच्या. त्या बाबांना म्हणाल्या, ‘‘या तुमच्या आईच्या. तुमच्या लेकीला द्या. तुशी मी घेते, ती आमच्याकडची.’’ फ्लॅट मात्र त्यांनी ठेवला, आणि का ठेवू नये? बक्षीसपत्राचा विषय बाबांनी एकदा चाचपून पाहिला. वन्संनी चहा पुढे केला आणि पावसाचा विषय काढला.

वाईला वारस नोंदीसाठी गेलो तर तलाठ्यांनीच (हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच) विचारलं, ‘‘ताई, लग्न झालेल्या बाईचे वारस सासरचे ना? तुम्ही कसे आलात?’’ मी आजोबांच्या मृत्यूनंतरचा जुना फेरफार दाखवला. त्यात आत्याचं नाव ‘मुलगी’ म्हणून लागलेलं. त्यांनी तो दोनदा वाचला, कलम 15 चं पोटकलम आमच्याकडून वहीत लिहून घेतलं आणि अर्ज घेतला. पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लागली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. सातबाऱ्यावर आता बाबा, धाकटी आत्या, काकू आणि चुलत भावंडं अशी सगळ्यांची नावं आहेत. वाटप अजून बाकी आहे. विहीर कुणाच्या हिश्श्यात जाणार यावरून काकू आणि धाकटी आत्या सध्या एकमेकींशी बोलत नाहीत.