उलटी सावली

२४ डिसेंबरला आमच्या रिंकवर दम खायला फुरसत नसते. शहराच्या मधल्या चौकात दर हिवाळ्यात स्केटिंगसाठी तात्पुरता बर्फ घालतात आणि तो बर्फ सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. त्या दिवशी सकाळपासूनच रांगेने चौकाला वळसा घातला होता. शाळांना सुट्टी लागलेली, ऑफिसं लवकर सुटलेली, झाडांवरची रोषणाई भर दिवसाही चालू. पहिल्यांदाच बर्फावर उतरलेली पोरं पेंग्विनच्या आकाराचे आधार ढकलत चालली होती आणि आईबाप कठडा घट्ट धरून होते. मला ही गर्दी मनापासून आवडते. वर्षभर एकमेकांकडे न बघता जाणारी माणसं इथे पडणाऱ्याला हात देऊन उठवतात.

पावणेदोनच्या सुमारास एक आजोबा कठड्यापाशी येऊन थांबले. दर हिवाळ्यात येतात, हात पाठीमागे बांधून संथ फेऱ्या मारतात. म्हणाले, ‘‘बाळ, त्या उत्तरेच्या कोपऱ्यात आवाज बदललाय बघ.’’

बर्फ कडक असला की स्केटचं पातं त्यावर खर्र असं कोरडं वाजतं. मऊ पडला की आवाज बसतो. हे समजायला कान तयार व्हावा लागतो आणि आजोबांचा कान माझ्याहून जुना होता.

मी यंत्रांच्या खोलीत धावले. चिलर म्हणजे थंड करणारं यंत्र व्यवस्थित, पंपाचा दाब ठीक, सेन्सर उणे ४ दाखवत होता. आमचा बर्फ जेमतेम ४ सेंटीमीटर जाड असतो. त्याच्या खाली पाइपांचं जाळं असतं आणि त्यातून शून्याच्याही खाली थंड केलेलं ग्लायकोलचं पाणी, म्हणजे न गोठणारं मिश्रण, फिरत राहतं. लंडनमध्ये १८७६ साली जॉन गॅमगी यांनी तांब्याच्या नळ्यांतून ग्लिसरीनचं मिश्रण फिरवून रिंक गोठवलं होतं. यंत्रं पार बदलली, तत्त्व तेच राहिलं. बर्फ खालून थंड ठेवायचा. त्यामुळे सेन्सरही खालचंच सांगतो. वरून काय होतंय ते त्याला कळत नाही.

परत आले तेव्हा एक आठेक वर्षांची मुलगी त्याच कोपऱ्यात पडली होती. गुडघ्याला थोडं खरचटलं होतं, बाकी ठीक होती. तिने हातमोजा पुढे केला. ‘‘मावशी, इथला बर्फ ओला आहे.’’ मोज्यातून पाणी ठिबकत होतं. ती पडली तिथे बोटभर लांबीची चर पडली होती, आणि पातं अडकलं होतं त्या चरीतच.

प्रमुखांचं म्हणणं होतं, कोपऱ्याभोवती प्लास्टिकचे शंकू लावून तो अडवा आणि बाकीचं चालू ठेवा. त्यांची अडचण मला कळत होती; वर्षातला सगळ्यात गर्दीचा तास होता तो. पण रिंकवर सगळे एकाच दिशेने गोल फिरतात. एक कोपरा बंद केला की सगळा लोंढा आत सरकतो आणि त्या अरुंद जागेत नवशिके आणि सराईत एकमेकांवर आदळतात. मी म्हटलं, अर्धा तास सगळंच बंद करू. थोडी वादावादी झाली, पण शेवटी रिंक रिकामं केलं. रांगेतून नाराजीचा सूर उठला आणि तो मला लागला. लांबून आलेली, तासभर ताटकळलेली माणसं होती ती.

आधी वाटलं, पाइप फुटला. ग्लायकोल गळला तर त्या जागचा बर्फ धरतच नाही. मी उकिडवी बसले, मोजा काढून तळवा टेकवला. पाणी स्वच्छ, ना रंग ना वास. तेवढ्यात बर्फावर माझी सावली दिसली आणि मी तशीच बसून राहिले. सावली दक्षिणेकडे पडली होती.

दुपारची सावली आमच्याकडे उत्तरेला पडायला हवी. शिवाय दक्षिणेच्या इमारतींमुळे हिवाळ्यात रिंकवर थेट ऊन येतच नाही. मान वर केली तर उत्तरेच्या उंच इमारतीच्या काचा पेटल्यासारख्या दिसत होत्या. गेल्या हिवाळ्यापासून दुरुस्तीसाठी तिच्यावर हिरवी जाळी होती, ती त्याच आठवड्यात उतरवली होती. आधी आभाळ भरलेलं असायचं, म्हणून कळलं नाही. त्या दिवशी लख्ख पडलं आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन काचांवर आपटून थेट आमच्या कोपऱ्यात उतरलं. सूर्याचा ताप थोपवायला बर्फाखाली पांढरा रंग देतो आम्ही, पण वर पाण्याचा थर साचला की तोच ऊन जास्त शोषतो आणि वितळणं वाढत जातं.

मग हात भराभर चालले. दोघांनी खांबांना पांढरी ताडपत्री बांधून सावली केली. मी खरवडलेल्या बर्फाचा भुगा चरींत दाबून भरला, वर थंड पाणी शिंपडलं, लाकडी फळीने सपाट केलं. भुगा आधी राखाडी दिसतो, मग हळूहळू पांढरा होतो. तो पांढरा झाला की पकड आली समजायचं. शेवटी झॅम्बोनी फिरवली. फ्रँक झॅम्बोनी यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात हे यंत्र तयार केलं. त्याआधी तीनचार माणसांना याच कामाला तासाहून जास्त लागायचा. पातं वरचा थर तासतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर पसरतो. गरम पाणी ओरखड्यांच्या कडा वितळवून सांधा घट्ट बसवतं.

चाळीस मिनिटांनी फाटक उघडलं. उन्हाचा पट्टा तोवर सरकून पायऱ्यांवर गेला होता, तरी ताडपत्री तशीच ठेवली. पुढचे दिवस रोज बारालाच बांधायची असं ठरवलं. गाणी पुन्हा सुरू झाली. गुडघ्याला पट्टी लावलेली ती मुलगी पेंग्विन ढकलत पहिल्या फळीत होती. आजोबा सगळ्यांच्या मागून उतरले, हात पाठीशी बांधले आणि उत्तरेच्या कोपऱ्याकडे वळले. मी कठड्यापाशी कान देऊन उभी होते.

खर्र.