धडावेगळं डोकं
क्लायंटकडे आमच्या सॉफ्टवेअरची अजून जुनीच २.४ आवृत्ती चालते. बग बघायला गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) त्या आवृत्तीच्या टॅगवर, म्हणजे तिच्यावर लावलेल्या खुणेवर, चेकआउट केलं (म्हणजे तिथे गेलो), 'डिटॅच्ड हेड'चा (आपण कुठल्याच ब्रँचवर, म्हणजे कामाच्या शाखेवर, नाही असा) इशारा नेहमीसारखा न वाचताच सोडला, तिथेच दोन कमिट (बदलांच्या नोंदी) ठोकले आणि मेन या मुख्य ब्रँचवर परतलो. परतताना गिटने पुन्हा बजावलं होतं. तेही वाचलं नाही. कमिट गायब! (टॅग म्हणजे मैलाचा दगड, आपण चालतो म्हणून तो सरकत नाही; नवे कमिट त्याला जोडलेले राहत नाहीत.)

आई म्हणाली, "अरे, पोहे गार झाले, जिरावण मसाला घाल आणि खा आधी." इंदुरात याला अपील नाही. खाता खाता रिफ्लॉग (आपण कुठे कुठे होतो याची गिटची नोंदवही) आठवला! त्यात हरवलेल्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) मिळाला, त्यावर ब्रँच काढली.

२०१९ पासून ब्रँच बदलायला 'गिट स्विच' ही वेगळी कमांड आहे, ती 'डिटॅच' सांगितल्याशिवाय टॅगवर जाऊच देत नाही. पण बोटं अजून चेकआउटच टाइप करतात.