टणटणीचा अर्क आणि एका शब्दापायी अडलेली फाइल

शेतात तण कमी उगवावं म्हणून टणटणीच्या झुडपाचा अर्क करायला मला दोन दिवस लागले. तोच अर्क कागदावर मान्य करून घ्यायला दोन महिने गेले, आणि त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

आमची शेती जुन्नर तालुक्यात. बांधावर, ओढ्याकाठी टणटणी माजलेली. कुणी तिला घाणेरी म्हणतं. तिच्या बुडाशी दुसरं गवत फारसं येत नाही, हे लहानपणापासून बघतोय. 5 किलो ओला पाला ठेचून 25 लिटर पाण्यात सावलीला 48 तास भिजवला, जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळला आणि वांग्याची रोपं लावायच्या आठ दिवस आधी ओल्या वाफ्यांवर फवारला. झालं काम.

अडलं ते सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या फॉर्मवर. 'वापरलेल्या निविष्ठा', म्हणजे शेतात काय काय घातलं-फवारलं, या रकान्यात मी सरळ लिहिलं, 'वनस्पतीजन्य तणनाशक'. तो शब्द दिसला आणि फाइल बाजूला पडली. सेंद्रियात रासायनिक तणनाशक चालत नाही हे मलाही कळतं, म्हणून तर ही सगळी खटपट! प्रमाणीकरणाचे साहेब म्हणाले, "कंपनी कोणती? बिल आणा." बांधावरच्या झुडपाचं बिल कुठून आणायचं? दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला सांगितलं, फॉर्म बदललाय, पुन्हा भरा. दर खेपेला अर्धा दिवस आणि एसटीचं भाडं. तोवर पहिला तोडा निघाला आणि साध्या वांग्याच्या भावात विकावा लागला. ते फार लागलं.

शेवटी आमच्या शेतकरी गटातल्या एका ताईंनी फॉर्म हातात घेतला. "दादा, तणनाशक खोडा. जे केलंत तेच लिहा." मग लिहिलं: 'तण कमी उगवावं म्हणून टणटणीच्या पाल्याचा घरगुती अर्क, पाला स्वतःच्या बांधावरचा, लागवडीआधी एक फवारणी.' सोबत वहीतल्या तारखा आणि ड्रमचे फोटो जोडले. त्याच दिवशी सही मिळाली. म्हणून सांगतो, वही पहिल्या दिवसापासून लिहा, नंतर आठवून तारखा जुळत नाहीत.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं: गाळलेला चोथा जनावरांपुढे टाकू नका. टणटणी गुरांना विषारी आहे.

उभ्या तणावर हा अर्क मारून उपयोग नाही, तो बी उगवताना अडवतो. माझ्याकडे माठ आणि घोळ बराच कमी आला, पहिली खुरपणी दहा दिवस पुढे गेली. लव्हाळ्याला मात्र काही झालं नाही, तो गाठीतून फुटतो. आणि मेथी, कोथिंबीर, गाजर असं बी टाकायच्या वाफ्यावर हा फवारू नका, आपलंही बी अडकेल. मी आधी दोन ताटल्यांत ओल्या फडक्यावर मुळ्याचं बी ठेवून पाहिलं होतं. पाण्याच्या ताटलीत तिसऱ्या दिवशी पांढरे मोड भरभरून आले, अर्काच्या ताटलीत मोजून चार. त्या ताटल्यांचा फोटोही फाइलला जोडलाय.