आमची वाटचाल : डॉक्टरांच्या दारातली एकच रांग कशी मोडली

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आमचा दवाखाना आहे. एक एमबीबीएस डॉक्टर, एक बीएएमएस डॉक्टर, दोन नर्स, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, गावोगाव फिरणाऱ्या दोन ताई आणि आठवड्यातून दोन दिवस येणारे फिजिओथेरपिस्ट, एवढी माणसं. माणसं होती, पण काम सगळं एकाच दारातून जायचं. बाजाराच्या दिवशी बीपीची गोळी संपलेले बाबाजी, ड्रेसिंग बदलायला आलेला पोरगा, फिजिओच्या दिवसाची चौकशी करायला आलेली बाई आणि तापाने फणफणलेलं लेकरू एकाच बाकावर. पहिल्या तिघांचं काम डॉक्टरांशिवाय होण्यासारखं, चौथ्याला डॉक्टर लगेच हवेत, आणि नंबर मात्र आल्या क्रमाने. ही रांग मोडून ज्याला जे माणूस लागतं त्याच्यापर्यंत त्याला थेट पोचवणं, हीच आमची वाटचाल. खेड्यात छोटा दवाखाना चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ती तपशिलाने मांडतो आहोत.

सुरुवात वहीने केली. सलग दोन आठवडे दर पेशंटमागे एक ओळ: कशासाठी आला, काम शेवटी कोणी पूर्ण केलं, किती मिनिटं लागली, डॉक्टर लागलेच असते का. शेवटचा रकाना डॉक्टरांनी स्वतः भरायचा. नर्सने भरला तर संकोचापोटी सगळीकडे ‘हो’ लिहिलं जातं. वही भरली की कामाचे ढीग दिसायला लागतात: चालू गोळ्या, ड्रेसिंग, टाके काढणं, शुगर तपासणं, कंबर-गुडघे, कागद आणि दाखले. दुसऱ्याची वही वापरू नये. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत जे ढीग पडतील ते आमच्या कापसाच्या पट्ट्यात पडत नाहीत.

त्यानंतर पुढचं टेबल आलं, आणि सगळ्यात जास्त चुका याच टेबलावर झाल्या. केसपेपर काढणाऱ्या मुलाकडे ते काम देऊन भागत नाही. तो विचारतो ‘काय होते?’, पेशंट म्हणतो ‘गॅस झाला’, आणि कागदावर गॅस लिहिला जातो. चाळिशीच्या पुढचा किंवा शुगरचा पेशंट बेंबीच्या वर दुखतं, घाम येतो म्हणाला, तर आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे, मग तो त्याला गॅस म्हणो की पित्त. म्हणून पुढच्या टेबलावर अनुभवी नर्स बसते. ती नाव-गाव विचारण्याआधी चेहरा आणि श्वास बघते, मग नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन. सगळं मिळून तीन मिनिटं.

टेबलाच्या आतल्या बाजूला, फक्त तिला दिसेल असा एक कागद चिकटवलेला आहे. त्यावरचं काहीही दिसलं की नंबर न बघता पेशंट थेट डॉक्टरांकडे जातो. छातीत दुखणं. बसल्याजागी धाप, ऑक्सिजन ९४ च्या खाली. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं. बीपी १८०/११० किंवा वर. शुगर ७० च्या खाली. गरोदर बाईचं बीपी १४०/९० किंवा वर, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त. दोन महिन्यांच्या आतलं लेकरू तापलेलं किंवा अंगावर पीत नाही. लेकराचा श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचा: दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षं ४०. रडत असताना मोजला तर आकडा फसवा येतो, आईच्या कुशीत शांत होऊ द्यावं.

‘जीव घाबरते’ ही आमच्या भागातली तक्रार एकट्या शब्दावरून कुठेच पाठवता येत नाही. तिच्यामागे हृदय असू शकतं, उतरलेली शुगर असू शकते, हिमोग्लोबिन कमी असू शकतं, डोक्यावरचं कर्ज असू शकतं. म्हणून तिचा क्रम ठरवून ठेवला आहे. आधी नाडी आणि बीपी, लगेच बोटाची शुगर, चाळिशीच्या पुढे किंवा शुगरवाल्याला ईसीजी, मग हिमोग्लोबिन. हे सगळं बरं निघालं आणि डॉक्टरांनी तपासून घेतलं की मगच मोकळेपणी बोलायची खोली. क्रम उलटा केला तर हृदयाचा पेशंट समुपदेशनाला बसतो, आणि ती चूक परत दुरुस्त होत नाही.

बोलायच्या खोलीत झोप, भूक, कामात लक्ष, मनात मरणाचे विचार, हे प्रश्न सरळ शब्दांत विचारायचे. विचारल्याने विचार बळावतो ही भीती खोटी आहे. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलावून फवारणीचं औषध कुलपात ठेवायला किंवा घराबाहेर काढायला सांगायचं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि १४४१६ हा टेलिमानसचा (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) नंबर त्याच्यासमोर लावून द्यायचा. नुसता नंबर लिहून दिलेला कागद खिशातच राहतो. विदर्भात हे टेबल नसलेला दवाखाना अपुरा आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

चालू गोळ्यांचं टेबल दुसऱ्या नर्सकडे. डॉक्टर तीन महिन्यांची चिठ्ठी लिहून ठेवतात, पेशंट दर ३० दिवसांनी येतो. पाच मिनिटं टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा बीपी. एसटीतून उतरून धावत आलेल्याचं बीपी लगेच घेतलं तर विनाकारण गोळी वाढते. १४०/९० च्या आत आणि तक्रार नाही, तर पुढच्या ३० दिवसांच्या गोळ्या. दोन्ही वेळा वर आलं तर पहिला प्रश्न: गोळी रोज घेतली का? वेचणीच्या दिवसांत पहाटेच शेत गाठायचं असतं, गोळी घरी राहते. तसं असेल तर वेळ रात्रीची करता येते का, हे नर्स डॉक्टरांना विचारते. रोज घेऊनही वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. शुगरच्या पेशंटचे जोडे काढायला लावून तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा (तळपायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) स्पर्श कळला नाही तर अनवाणी फिरू नका हे सांगणं गोळीइतकंच महत्त्वाचं.

फार्मासिस्टच्या बाबतीत आम्ही आधी जास्त अपेक्षा ठेवली होती. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेत ठरावीक सात आजारांवर औषध दुकानातला फार्मासिस्टच उपचार देतो. आपल्याकडे शेड्यूल एचचं औषध चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण वेगवेगळ्या दवाखान्यांतून आणलेल्या पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतून एकच औषध दोन नावांनी चालू आहे का हे शोधणं त्याच्याइतकं नीट कोणी करत नाही. दुखण्याच्या गोळ्या किती खाल्ल्या हेही तोच काढून घेतो. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक महिनोन् महिने सुरू असते, आणि तिच्यामुळे बीपी वाढतं, किडनीलाही इजा होते. आता पाच किंवा जास्त गोळ्या चालू असलेला प्रत्येक पेशंट, डॉक्टरांकडे जाण्याआधी पिशवी घेऊन त्याच्याकडे बसतो.

फिजिओकडे कंबर, खांदा, गुडघा सरळ पाठवतो, पण चार प्रश्न विचारूनच: लघवी अडते का, पायातली ताकद गेली का, ताप किंवा वजन कमी होणं आहे का, रात्री झोपलं तरी दुखतं का. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टर. मणक्याचा टीबी कंबरदुखी म्हणूनच येतो.

सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) कार्ड असलेल्याला ताप, दुखणं किंवा धाप असेल तर त्याला बाकावर बसवायचंच नाही. पाणी, आडवं झोपायला जागा आणि डॉक्टर. कार्ड नाही पण पांढुरका चेहरा, डोळे पिवळे आणि वरचेवर सांधे दुखतात, तर सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची रक्ताची पहिली चाळणी. ती सकारात्मक आली तरी वाहक की रुग्ण हे तिच्यावरून कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पक्की तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही टेस्ट भरवशाची नाही. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून गावोगाव तपासणी वाढली आहे, त्यामुळे आधी तपासलं होतं का हे गावातल्या आशाताईला विचारून घ्यावं.

पुढच्या टेबलावरचा कागद मोसमागणिक बदलतो. पावसाळ्यात साप: कोणत्याच टेबलावर वेळ घालवायचा नाही, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, १०८ ला फोन, आणि गाडी निघण्याआधी जिथे पाठवतो तिथे अँटीस्नेक व्हेनम आहे का हे फोनवर विचारायचं. पावसाळा सरता सरता अंगावर विडीने भाजल्यासारखा काळा खपला असलेला ताप म्हणजे स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) शंका. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली बघितल्याशिवाय तो सापडत नाही. फवारणीच्या दिवसांत घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या म्हणजे फवारणीच्या औषधाची विषबाधा: हातमोजे घालून कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं, ॲट्रोपिन डॉक्टर देतात, आणि औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत लागतोच. यवतमाळात २०१७ च्या फवारणीत विषबाधेने जे जीव गेले, ते या भागात कोणी विसरलेलं नाही. मे महिन्यात ऊन लागून बडबडणारा, तापलेला माणूस आला तर आधी अंगावर पाणी आणि पंखा, मग गाडी.

हे सगळं बसवताना पेशंटचा विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. ‘मले डाक्टरलेच दाखवाचं हाये’ असं म्हणणारी बाई मजुरी पाडून, तिकीट काढून आलेली असते. तिच्याकडून तीच फी घेऊन नर्सकडे वळवलं तर तिला फसवल्यासारखं वाटणारच. दोन बदल केले. नर्सच्या टेबलाची फी निम्म्याहून कमी ठेवली, आणि पहिल्या भेटीला व त्यानंतर दर तिसऱ्या महिन्याला डॉक्टर स्वतः बघतील हे केसपेपरवर छापलं. ‘सुई मारून द्या’ या आग्रहाला मात्र कुठल्याच टेबलावर होकार नाही. त्याने उत्पन्न घटलं. ते भरून यायला वेळ लागतो, त्याची तयारी ठेवूनच यात पडावं.

अडचण डॉक्टरांकडूनही येते. सवयीने ते ‘मलाही एकदा दाखव’ म्हणतात आणि रांग परत त्यांच्या दारात. यावर रोज सकाळी दहा मिनिटं उभ्यानेच बैठक: काल कोण चुकीच्या टेबलावर गेलं, का गेलं. तिथे नाव घेऊन रागावणं बंद ठेवलं, नाहीतर नर्स धास्तीने सगळ्यांनाच आत पाठवते. आणि एका कामाला दोन माणसं शिकवलेली नसतील तर एक रजा पडली की सगळी घडी विस्कटते.

बाहेर पाठवण्याची गोष्ट वेगळी. समुद्रपूरचं ग्रामीण रुग्णालय, हिंगणघाटचं उपजिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, जवळचं आयुष्मान आरोग्य मंदिर, प्रत्येक ठिकाणचं काम वेगळं आणि ओपीडीचे वार वेगळे. ‘सेवाग्रामला दाखवा’ एवढं सांगितलं तर निम्मी माणसं घरीच राहतात: वार माहीत नाही, रेशनकार्ड नेलं नाही, सोबत यायला कोणी नाही. म्हणून आमच्या चिठ्ठीवर विभाग, वार, पोचायची वेळ, एसटी किती वाजता, सोबत काय न्यायचं आणि तिथल्या डॉक्टरांना आमचा नेमका प्रश्न काय, हे सगळं असतं. टीबीचा संशय असेल तर बेडका तपासणी सरकारीत फुकट होते, आणि निदान झालं की खासगी दवाखान्यालाही निक्षयवर (टीबी पेशंटच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) नोंद करावीच लागते. टीबीच्या पेशंटला आहारासाठी निक्षय पोषणचे महिन्याचे १००० रुपये खात्यात येतात, हे चिठ्ठी देतानाच सांगावं, म्हणजे माणूस औषध मधे सोडण्याची शक्यता कमी होते.

चिठ्ठीच्या खालचा भाग फाडून आमच्याकडे राहतो आणि खिळ्याला टोचला जातो. तिसऱ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी त्या गावाकडे जाणाऱ्या ताई घरी. पेशंट तिथे पोचला, काय सांगितलं हे लिहून घेतलं, की तुकडा खिळ्यावरून काढून केसपेपरला लावतात. दर शनिवारी दवाखाना बंद करण्याआधी खिळ्यावर उरलेले तुकडे मोजून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो, आणि सोमवारची पहिली दहा मिनिटं त्या तुकड्यांवर जातात.